आधी हुंकारा, मग भाषण: गोष्टीतून बोलायला शिकवू पाहणाऱ्यांसाठी

आजी गोष्ट सांगायला बसली की आम्हा नातवंडांपैकी एकाची हुंकाऱ्यावर नेमणूक व्हायची. दर वाक्याला ‘हूं’ म्हणायचं. हूं थांबला की गोष्टही थांबायची. मग ‘जपी गयी का?’ म्हणून आजी पायाचा अंगठा ओढायची, आणि खरोखरच झोप लागलेली असली तर राजपुत्र त्या रात्रीपुरता विहिरीतच राहायचा. खानदेशातल्या बोरी नदीकाठच्या त्या घरात आजीला कधी कुणी वक्ता म्हटलं नाही. पण सांगणाऱ्याला बोलतं ठेवणारा माणूस समोर बसलेला असतो, हे मी तिथे शिकले. पुढे २४ वर्षं शाळेत मराठी शिकवलं, आणि आता रविवारी संध्याकाळी मोठ्या माणसांना चारचौघांत बोलायला शिकवते. ते सगळं त्या हुंकाऱ्यावरच उभं आहे.

जळगाव, धुळे, नंदुरबारकडून अधूनमधून कुणीतरी विचारतं, ‘ताई, आम्हालाही असा वर्ग काढायचाय, सुरुवात कुठून करू?’ विचारणाऱ्यांत शिक्षक असतात, बचत गटांबरोबर काम करणाऱ्या बाया असतात, कृषी खात्यातून निवृत्त झालेले भाऊ असतात. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. व्यासपीठावर हात कसे फिरवायचे याचे व्हिडिओ मोबाईलवर ढिगाने मिळतात, म्हणून त्यात मी फारशी शिरत नाही.

माझ्याकडे येणारा बहुतेक जण पहिलं वाक्य एकच बोलतो: ‘मला बोलताच येत नाही.’ मी त्याला चहा देते आणि विचारते, येताना गाडी मिळाली का? मग तो सांगतो. गाडी कशी पंक्चर झाली, कंडक्टर कुणाशी कसा भांडला, एका म्हातारीची कोंबडी पिशवीतून कशी सुटली. तीन-चार मिनिटं तो अजिबात न अडखळता बोलतो, हातवारे करतो, म्हातारीचा आवाजही काढतो. ओट्यावरचं हे बोलणं उचलून सभेत, मुलाखतीत, बँकेतल्या साहेबांच्या टेबलापर्यंत न्यायचं, एवढंच आपलं काम.

वर्ग मांडताना

आठ माणसं घ्या, दहाच्या वर जाऊ नका. हिशेब साधा आहे. दीड तासात आठ जणांना पाच-पाच मिनिटं दिली की चाळीस मिनिटं सांगण्यात जातात आणि तेवढीच त्यावर बोलण्यात. वीस जण घेतले तर बारा जण नुसते ऐकून घरी जातात आणि पुढच्या रविवारी येत नाहीत. फी जास्त जमते खरी, पण वर्ग मोडतो. मी एकदा करून पाहिलं आहे.

सतरंजी अंथरा आणि गोल बसवा. पहिले तीन आठवडे माईक नको, टेबल नको, उभं राहणंही नको. शाळेची खोली चालते, देवळाचा सभामंडप त्याहून बरा, कारण तिथे कुणाला विद्यार्थी झाल्यासारखं वाटत नाही.

दिवस आपल्या भागाकडे बघून ठरवा. जूनमध्ये पेरणी असते. दिवाळीच्या आगेमागे कापूस वेचणी, तेव्हा बाया तर येतच नाहीत. मे महिन्यात पारा ४५च्या आसपास गेला की पंख्याखाली बसूनही कुणाला गोष्ट सुचत नाही. मी संक्रांतीनंतर सुरू करते आणि होळीच्या आत संपवते. सहा-सात रविवार मिळतात, तेवढे पुरतात. श्रावणात वर्ग घेणार असाल तर नागपंचमीनंतरचा रविवार सोडूनच द्या. त्या दिवशी घरोघरी कानबाई असते. कुणी येणार नाही, आणि येऊही नये.

पहिला रविवार: कुणालाही उभं करू नका

पहिल्याच दिवशी ‘एकेकाने आपली ओळख करून द्या’ म्हणणं ही नव्या शिकवणाऱ्याची हमखास चूक. नाव, गाव, शिक्षण सांगताना माणूस शाळेतल्या तोंडी परीक्षेला बसतो आणि तोच आवाज पुढचे सहा आठवडे पकडून ठेवतो. पहिल्या दिवशी बोलणं शिकवू नका, ऐकणं शिकवा.

जोड्या लावा. एकाने दोन मिनिटं सांगायचं: ‘गेल्या आठवड्यात कशाचा राग आला?’ ऐकणाऱ्यांना आधी बाहेर नेऊन कानात सांगा, की समोरच्याच्या बोलण्यात ‘क’ने सुरू होणारे शब्द किती आले ते मनात मोजायचे. दोन मिनिटांनी खोलीत काय दिसतं ते बघा. सांगणारा सुरुवातीला जोरात असतो, मग रेंगाळतो, तेच वाक्य पुन्हा म्हणतो आणि शेवटी ‘असं झालं... म्हणजे तसं काही विशेष नाही’ म्हणून सोडून देतो. आता गुपित फोडा. तीच गोष्ट त्याच माणसाला पुन्हा सांगायला लावा, पण या वेळी ऐकणाऱ्याने मान वर ठेवून हुंकारा द्यायचा. दुसरी फेरी बहुतेकदा दोन मिनिटांत आटपत नाही, थांबवावी लागते.

हा खेळ मी माझ्या डोक्यातून काढलेला नाही. कॅनडातल्या जेनेट बाव्हेलास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली असाच प्रयोग प्रसिद्ध केला. थोडक्यात वाचलो अशा प्रसंगाची गोष्ट एकाने सांगायची आणि दुसऱ्याने ऐकायची. काही ऐकणाऱ्यांना ‘टी’ अक्षराने सुरू होणारे शब्द टिपायला लावले होते. त्यांच्यासमोर सांगणाऱ्यांची गोष्ट बिघडली, आणि सगळ्यात जास्त बिघडला तो शेवट, म्हणजे जिथे गोष्ट रंगायला हवी नेमकी ती जागा. वर्गात हे जरूर सांगा. आपल्याला बोलता येत नाही असं वर्षानुवर्षं मानलेल्या माणसाला पहिल्यांदाच कळतं, की दोष सगळा आपल्या जिभेचा नव्हता.

हुंकारेही दोन तऱ्हांचे असतात. एक नुसता ‘हं’, म्हणजे मी इथे आहे, चालू दे. दुसरा गोष्टीत शिरलेला: ‘अरे देवा’, ‘मग?’, किंवा नुसता ओढून घेतलेला श्वास. सुरुवातीला पहिलाच द्यायचा, गाठ आली की दुसरा. सुरुवातीपासूनच ‘वा वा’ करणारा ऐकणारा सांगणाऱ्याला संशयात पाडतो. हे दोन्ही हुंकारे वेगवेगळे करून दाखवा. लोक हसतात, आणि हसता हसता शिकतात.

आपल्याकडे एकट्याने बोलायची रीतच नव्हती असं मला वाटतं. शाहिरामागे झीलकरी ‘जी रं जी जी’ करतात, गोंधळ्याला साथीदार मध्येच प्रश्न विचारतो, कीर्तनकारामागे टाळकरी उभे असतात, तमाशात सोंगाड्या सरदाराचं वाक्य अर्ध्यात तोडतो. आणि आपण १५ ऑगस्टला दहा वर्षांच्या पोराला चारशे मुलांपुढे एकटं उभं करून दुसऱ्याने लिहून दिलेलं भाषण म्हणायला लावतो. तो मधेच विसरतो, पोरं हसतात, आणि तीस वर्षांनी तो माझ्याकडे येऊन म्हणतो, मला बोलताच येत नाही.

दुसरा रविवार: गोष्ट बाहेर काढायची

‘तुमच्या आयुष्यातली एखादी प्रेरणादायी गोष्ट सांगा’ असं म्हटलंत की समोरचा गप्प होतो, नाहीतर कुठल्यातरी थोर पुरुषाच्या बालपणात शिरतो. मोठा प्रश्न विचारू नका. लहान आणि अवघड प्रश्न विचारा. महाग पडलेली चूक कुठली? पहिले कमावलेले पैसे कुणाच्या हातात दिले? घरात कुणाशी किती दिवस अबोला होता आणि तो कोणत्या वाक्याने मोडला? शेवटची बस चुकली ती रात्र कुठे काढली?

उत्तर आलं की चार चिमटे काढायचे: वार कोणता होता, वेळ काय होती, हातात काय होतं, पहिलं वाक्य कोण बोललं? ‘आम्हाला खूप त्रास झाला’ या वाक्यात काहीच दिसत नाही. ‘मंगळवार होता, हातात दुधाची कॅन होती, आणि काका म्हणाले, घरात पाऊल टाकू नको’ म्हटलं की खोलीतले आठही जण त्या दारात उभे राहतात.

कुणाला काहीच सुचत नसेल तर पुढच्या वेळी घरातली एखादी वस्तू आणायला सांगा. एक जण जिनिंगमधल्या नोकरीचं जुनं ओळखपत्र घेऊन आला होता. एक बाई मोडक्या दांड्याचा झारा घेऊन आली, आणि पंचवीस मिनिटं थांबली नाही.

भाषेची गाठ

खरी अडचण इथे आहे, म्हणून जरा बसून सांगते. आपल्याकडच्या माणसाला सभेत भीती वाटते ती निम्म्याहून जास्त ‘शे’ची. घरात तो अहिराणीत, म्हणजे आपल्या खानदेशी बोलीत, ‘मन्हं नाव अमुक शे’ म्हणतो. साहेबांपुढे ‘माझं नाव अमुक आहे’ म्हणायचंय, आणि मध्येच ‘शे’ निसटला तर? किंवा लेवा बोली बोलणाऱ्या घरातला मुलगा. त्याच्या तोंडात ‘ळ’चा ‘य’ होतो, डोळा ‘डोया’ होतो. पुण्यात कॉलेजला गेला तेव्हा कुणीतरी ‘जयगाव’ म्हणून त्याची नक्कल केलेली असते, आणि तेव्हापासून तो ‘ळ’ असलेले शब्दच टाळतो. ज्याचं अर्धं डोकं तोंडातून निघणाऱ्या प्रत्येक शब्दावर पहारा देतंय, त्याच्यापाशी गोष्टीसाठी उरतंच किती?

म्हणून मी प्रत्येक गोष्ट तीनदा सांगायला लावते. पहिल्यांदा पूर्ण अहिराणीत, किंवा घरात जी बोलतात त्या बोलीत: तावडी, लेवा, भिली, पावरी, काहीही. वर्गातल्या एखाद्याला कळली नाही तरी चालेल, हुंकारा द्यायला भाषा कळावीच लागते असं नाही. दुसऱ्यांदा प्रमाण मराठीत. इथे गोष्ट आखडते, तपशील गळतात. तेव्हा थांबवून विचारायचं, ‘आत्ता मोटर जळी गयी म्हटलंस तेव्हा कपाळावर हात मारलास, तो हात कुठे गेला?’ तिसऱ्यांदा पुन्हा मराठीत, पण पहिल्या फेरीतले हात आणि सूर परत घेऊन. आणि जे वाक्य घरच्या बोलीतच बसतं ते तसंच ठेवायचं, विशेषतः गोष्टीतलं माणूस बोलतं तेव्हा. आई अहिराणीत बोलली असेल तर तिच्या तोंडी अहिराणीच हवी. ‘माय म्हणाली’ इथपर्यंत मराठी, पुढे मायची भाषा. ऐकणाऱ्या साहेबालाही त्या वाक्यावर जाग येते.

कुणी फारच संकोचला तर मी बहिणाबाई चौधरींची आठवण देते. असोद्याच्या माहेरची, जळगावच्या सासरची ही बाई लिहा-वाचायला शिकलेली नव्हती. जात्यावर आणि शेतात तिने आपल्या बोलीत ओव्या रचल्या, घरच्यांनी त्या उतरवून ठेवल्या. १९५१ साली ती गेली, १९५२ मध्ये तिच्या कविता छापून आल्या, आणि आज जळगावच्या विद्यापीठाला तिचं नाव आहे. त्या विद्यापीठाची पदवी घेतलेला मुलगा ‘डोया’ म्हणायला लाजतो, तेव्हा मला हसावं की रडावं कळत नाही.

एक पथ्य मात्र पाळा. बोलीची गंमत करू नका आणि बोलीचा झेंडाही नाचवू नका. मुलाखतीला जाणाऱ्या मुलीला प्रमाण मराठी लागणारच आहे. ती शिकवा, पण घरची भाषा पुसून तिच्या जागी नको, तिच्या शेजारी बसवा.

तिसरा आणि चौथा रविवार: गोष्टीला घाट

पापड करणाऱ्या एका बचत गटाच्या अध्यक्षबाई माझ्याकडे आल्या होत्या. बँकेत कर्ज मागायला जायचं होतं आणि तिथे आपल्याच्याने बोलवत नाही म्हणत होत्या. त्यांची पहिली आवृत्ती अशी होती:

‘आमचा गट सात वर्षांपूर्वी स्थापन झाला. गटात ११ महिला आहेत. आम्ही उडदाचे पापड, नागलीचे पापड, बिबड्या बनवतो. आमच्या मालाला चांगली मागणी आहे. तरी आम्हाला वाळवणाच्या यंत्रासाठी कर्ज मिळावं ही विनंती.’

यात चूक काहीच नाही. बँकेतल्या माणसाने असलं दिवसातून चार वेळा ऐकलेलं असतं, एवढंच. मी विचारलं, यंत्र हवं हे पहिल्यांदा कधी वाटलं? त्या म्हणाल्या, ते काय सांगायचं ताई, गेल्या एप्रिलात... आणि गोष्ट निघाली. दोन रविवार घासून ती अशी झाली:

‘एप्रिल महिना होता, दुपारचे तीन. माझ्या गच्चीवर चाळीस किलोचे पापड वाळत होते. लग्नाची ऑर्डर, दुसऱ्या दिवशी द्यायची. एकदम अंधारून आलं. आम्ही अकरा जणी गच्चीवर धावलो. कुणी ताडपत्री आणली, कुणी अंथरूण. एकीने अंगावरची ओढणी टाकली. तरी बारा किलो भिजले. पापड भिजला की त्याचं पुन्हा काही होत नाही, साहेब. त्या रात्री गच्चीवर पाणी लोटताना आमच्यातली सगळ्यात म्हातारी बाई म्हणाली, आभायवर भरोसा ठी कितला दिन धंदा करसूत? म्हणून आम्ही वाळवणाच्या यंत्राचा भाव काढला. तो कागद मी आणला आहे.’

वाचायला मिनिटभरही लागत नाही. यात काय केलं ते बघा. सुरुवात स्थापनेच्या सालापासून नाही, गच्चीपासून केली. आपल्या व्रताच्या कहाण्या ‘आटपाट नगर होतं’ एवढ्या तीन शब्दांत जागा मांडून लगेच माणसांवर येतात, तेवढीच प्रस्तावना पुरते. आकडे गटाच्या माहितीतून उचलून पापडांवर नेले: चाळीस किलो, बारा किलो. अकरा बायांचा आकडाही तोच, पण आता त्या धावताना दिसतात. आणि म्हातारीच्या वाक्यापाशी (आभाळावर भरवसा ठेवून किती दिवस धंदा करणार?), ‘म्हणून’च्या आधी, एक पूर्ण श्वास घ्यायला लावला.

ही जागा फार महत्त्वाची. विल्यम लबोव्ह आणि जोशुआ वालेट्झ्की या अमेरिकी अभ्यासकांनी १९६७ मध्ये साध्या माणसांच्या अनुभवकथनांची अशीच उकल केली होती. काय घडलं हे सगळेच सांगतात. चांगला सांगणारा मात्र कुठेतरी थांबून हे का सांगतोय ते कळवतो, नाहीतर ऐकणाऱ्याच्या मनात ‘बरं मग?’ उरतं. वर्गात मी तोच प्रश्न मोठ्याने विचारते: बरं मग? उत्तर गोष्टीतल्याच कुणाच्या तोंडून आलं तर सगळ्यात चांगलं. सांगणाऱ्याने स्वतः तात्पर्य सांगितलं की ते उपदेशासारखं वाटतं.

नारदीय कीर्तनात आधी पूर्वरंगात निरूपण असतं आणि उत्तररंगात आख्यान. श्रोते तिथे रात्रभर बसायच्या तयारीने आलेले असतात. बँकेत आणि ग्रामसभेत क्रम उलटा ठेवा, आख्यान आधी आणि निरूपण दोन वाक्यांत. साहेबाने मान वर केली नाही तर निरूपण ऐकणार कोण?

त्या बाईंना कर्ज मिळालं का, असं सगळे विचारतात. मिळालं, चार महिन्यांनी, मागितल्यापेक्षा कमी. कागदपत्रं पुरी करायला तीन खेपा पडल्या. गोष्टीने कागद पुरे होत नाहीत, हे वर्गात पहिल्याच दिवशी सांगून टाका. फक्त त्या तिन्ही खेपांना तिथल्या माणसाने त्यांना ‘पापडवाल्या ताई’ म्हणून ओळखलं.

आवाज, हात, माईक

यावर थोडकंच. बोलायच्या आधी श्वास सावकाश सोडा, घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लागू दे. एका वाक्यात एकाच माणसाकडे बघा, वाक्य संपलं की दुसऱ्याकडे. माईक तोंडापासून चार बोटं. वेग वाढला की शब्द नाही, वाक्यांमधली जागा वाढवा. हातांना काही शिकवू नका. गोष्ट दिसायला लागली की ते आपोआप हलतात.

भीतीचं काय करायचं

‘घाबरू नका’ म्हणू नका. त्याने आजवर कुणाची भीती गेलेली नाही. दोन गोष्टी सांगण्यासारख्या आहेत. केनेथ सॅव्हित्स्की आणि थॉमस गिलोविच यांनी २००३ मध्ये दाखवलं, की बोलणाऱ्याला आपली घाबरगुंडी जेवढी लोकांना दिसतेय असं वाटतं, तेवढी ती दिसत नसते. आणि हे नुसतं आधी सांगितलं तरी भाषण सुधारतं. वर्गात हे करून बघणं सोपं आहे. बोलून झालं की सांगणाऱ्याने आपली भीती दहापैकी किती ते कागदावर लिहायचं, ऐकणाऱ्यांनी त्यांना किती दिसली ते लिहायचं. कागद उघडले की तो ‘आठ’ लिहितो आणि बाकीचे ‘तीन’, ‘चार’. दुसरं, अ‍ॅलिसन वुड ब्रूक्स यांचा २०१४चा अभ्यास. धडधड होत असताना ‘मी शांत आहे’ असं स्वतःला बजावण्यापेक्षा ‘मला उत्साह आलाय’ असं म्हणणाऱ्यांचं बोलणं चांगलं झालं. छाती दोन्ही वेळा तशीच धडधडते, फक्त नाव बदललं. शेतकऱ्याला हे लगेच पटतं. पहिल्या पावसाच्या रात्रीही त्याची छाती अशीच वाजते.

दाद आणि दुरुस्ती

‘छान’ या शब्दाला वर्गात बंदी घाला. छानमधून काहीच कळत नाही. ऐकणाऱ्याने तीनच गोष्टी सांगायच्या: मला काय दिसलं, मी कुठे हरवलो, आणि मला पुढे काय ऐकायचं होतं. ‘मला ती ओढणी दिसली. यंत्राच्या भावापाशी मी हरवले. त्या लग्नघरचे लोक काय म्हणाले ते ऐकायचं होतं.’ बास. व्याकरण, उच्चार, उभं राहणं यावर पहिले चार आठवडे कुणीही तोंड उघडायचं नाही, आपणही नाही. माझ्यातल्या मराठीच्या बाईंना हे फार जड गेलं. मी हातात पेन घेऊन बसायचे आणि तोंडात रुमाल धरायचे.

इथे सांभाळा

महाग पडलेली चूक विचारली की कधीकधी उत्तर फार खोलातून येतं. आपल्या भागात कर्जाने गेलेला बाप हे अनेक घरांतलं सत्य आहे. ते बाहेर आलं तर ऐकून घ्या, खोदू नका, आणि त्याला ‘ही गोष्ट सभेत सांग, लोकांच्या डोळ्यांत पाणी येईल’ असं कधीही सांगू नका. जी सांगताना अजून गळा दाटतो ती गोष्ट अजून त्याची स्वतःची आहे, सभेसाठी दुसरी शोधा. जास्त त्रास दिसला तर डॉक्टरांकडे पाठवा. आपण डॉक्टर नाही.

आणि मोबाईल. दुसऱ्याच वर्षी माझ्या वर्गातल्या एका मुलीने सासूशी झालेल्या भांडणाची फार गमतीदार गोष्ट सांगितली. कुणीतरी व्हिडिओ काढला, मी बघत होते, अडवलं नाही. आवडला म्हणून त्याने तो ग्रुपवर टाकला. तिसऱ्या दिवशी तो सासूच्या मोबाईलवर होता. मुलगी पुन्हा आली नाही. चूक माझी होती, नियम घालून दिलेला नव्हता. आता दारात एक टोपली असते, सगळे मोबाईल त्यात, माझाही. आणि दुसऱ्याची गोष्ट घरी जाऊनही सांगायची नाही, हे पहिल्या दिवशी प्रत्येकाकडून मोठ्याने म्हणवून घेते.

पाचवा, सहावा रविवार: कामाला लावणं

आता प्रत्येकाने आपलं खरं काम आणायचं. नोकरीच्या मुलाखतीला जाणाऱ्यांसाठी मी चार गोष्टी तयार करून घेते: चूक निस्तरली ती, भांडण मिटवलं ते, नवं काही शिकले ते, आणि दुसऱ्यासाठी केलं ते. मुलाखतीतले बरेच प्रश्न या चारांपैकी एकाच्या दाराशी येऊन थांबतात. प्रत्येक गोष्ट मिनिटभराची, आणि ‘आम्ही’ कमी, ‘मी’ जास्त. आपल्याकडच्या मुलींना हा ‘मी’ फार अवघड जातो. मोटर तिने स्वतः दुरुस्त केलेली असते, पण सांगताना म्हणते ‘आमच्याकडे दुरुस्त झाली’.

ग्रामसभेचं निराळं आहे. कायद्याने वर्षाला किमान चार व्हायला हव्यात, म्हणजे सरावाला चार संधी आहेत. तिथे हुंकारा मिळत नाही, मिळतो तो गलका. म्हणून दोन माणसं आधी ठरवून समोर बसवायची, त्यांनी मान हलवत राहायचं. बोलणाऱ्याने गलक्याकडे न बघता त्या दोघांना गोष्ट सांगायची. वर्गात बाकीच्या पाचांना मुद्दाम गडबड करायला लावून हे घोटून घ्या. एका ताईंनी पाण्याच्या टाकीचा विषय असाच मांडला. रात्री अडीचला नळावर रांग लावलेल्या आपल्या हंड्याचा नंबर सांगितला, सतरावा. आणि मग ठराव वाचला. गलका पूर्ण थांबला नाही, पण ठराव कार्यवृत्तात लिहून घेतला गेला. तो लिहिला जाईपर्यंत त्या खाली बसल्या नाहीत, हेही वर्गातच ठरलं होतं.

दुकानदारांना मी वेगळं काही शिकवत नाही. कृषी सेवा केंद्रातला माणूस गोष्टी सांगण्यात माझ्यापेक्षा हुशार असतो. त्याला फक्त गिऱ्हाइकाला हुंकारा द्यायला शिकवावं लागतं.

फीबद्दलही विचारतात. थोडी तरी घ्या. फुकटच्या वर्गाला पावसाचं निमित्त पुरतं. मी गरजूंकडून घेत नाही, त्याऐवजी त्यांना सतरंज्या घालायचं, टोपली सांभाळायचं काम असतं. एक वही ठेवा, त्यात प्रत्येकाचं पहिल्या आणि शेवटच्या दिवशीचं पहिलं वाक्य लिहून ठेवा. गुण देऊ नका, ती दोन वाक्यं पुरतात.

शेवटचा रविवार

या दिवशी प्रत्येकाने घरचं एक माणूस आणायचं, शक्यतो ज्याच्यासमोर बोलायला सगळ्यात जड जातं ते. येणाऱ्यांना दारातच हुंकारा समजावून सांगते. काही जण हसतात, काही मान डोलावतात.

मागच्या वर्षी एका मुलाने वडिलांना आणलं होतं. केळीवाले, रावेरकडचे, बोलण्यात अगदी कमी. पागोटं मांडीवर ठेवून भिंतीला टेकून बसले. हुंकारा वगैरे त्यांनी काही दिला नाही. मुलगा सांगत होता: ज्या वर्षी वादळात बाग आडवी झाली त्या सकाळी बाप बांधावर उभा होता आणि तो स्वतः शहरातल्या खोलीवर झोपला होता, फोन वाजत होता आणि त्याने उचलला नाही. इथे तो थांबला. पुढचं वाक्य पाठ होतं, आम्ही तीन रविवार घोटलं होतं, पण ते येईना. खोलीत सगळे गप्प. मी हुंकारा द्यायला तोंड उघडणार, तेवढ्यात भिंतीकडून आवाज आला, ‘मंग?’

मुलाने पाठ केलेलं वाक्य सोडून दिलं आणि बापाकडे बघत अहिराणीत पुढचं सांगायला लागला. वेळ संपली होती. मी घड्याळ उलटं करून ठेवलं.